मसाई पठारावरून तशीच परत आलेली बाटली

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, रिजेक्ट झालं की त्याचा रिपोर्ट लिहायचा, हे वीस वर्षांचं काम. ब्लोहोल, म्हणजे ओतिवात हवेचं भोक, पडलं, का पडलं, वाळूत ओल जास्त होती, ती का होती, असं का-का करत पाच पायऱ्या तरी खाली उतरायचं, मग खरं कारण सापडतं. घरच्या ट्रिपचा असा रिपोर्ट लिहायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण २०२४ च्या सप्टेंबरातली आमची पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारची ट्रिप इतकी बाद गेली की वर्षभर ती डोक्यातनं गेलीच नाही. प्रकरण अभ्यास म्हणा नाहीतर रिजेक्शन रिपोर्ट म्हणा, एकूणएक लिहितो.

आम्ही आठजण. मी, बायको, थोरली पोरगी तेव्हा नऊ वर्षांची, बारका पाचचा, आई एकाहत्तरची. आईच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलून तेव्हा दीड वर्ष झालेलं. आणि आक्का, दाजी, त्यांचा कॉलेजला जाणारा पोरगा, म्हणजे माझा भाचा. दोन गाड्या.

जागा ठरवायला व्हॉट्सॲपवर चार दिवस गेले. भाच्याला दाजीपूरला जायचं होतं, गवा बघायला. आता ते अभयारण्य १९५८ पासूनचं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं, राज्यातलं पहिलं, सगळं खरं, पण पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. (आणि गव्यासाठी तिकडं कशाला जायचं, डिसेंबर २०२१ मध्ये गवेच शहराच्या वेशीवर आले होते की.) आक्का म्हणाली रंकाळा तलावावर जाऊ, पद्माराजे बागेत बसू, भेळ खाऊ. त्यावर सगळ्यांनी रोजचंच आहे म्हणून तिला गप्प बसवलं. मग दाजींनी मसाई पठारावरच्या फुलांचे फोटो टाकले, पिवळीजर्द सोनकी, जांभळा तेरडा, वर ढग उतरलेले, आणि विषयच संपला. आईनं ग्रुपवर अंगठा टाकला. आम्ही तो होकार धरला.

ही पहिली चूक. पण ती सापडायला मला महिना लागला.

गणपती उठल्यावरचा रविवार. सातला निघायचं ठरलं होतं, निघालो नऊ वीसला. शिवाजी पूल ओलांडला, केर्लीत चहा झाला, वाघबिळाच्या चढाला लागलो तेव्हा भुरभुर सुरू झाली. वाटेत एका ठिकाणी स्वच्छतागृह दिसलं म्हणून बायकोनं गाडी थांबवायला लावली, तर त्याला कुलूप. चावी कुणाकडं आहे ते तिथं कुणालाच माहीत नाही. बायको काही न बोलता परत गाडीत बसली, मीही गिअर टाकला. पन्हाळ्यात न थांबता पुढं गेलो आणि अकराच्या सुमारास पठारावर पोचलो.

पठार भारी आहे, त्यात वाद नाही. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाची लांबच लांब सपाट फरशी घातल्यागत आहे, वर माती म्हणजे कुठं चार बोटं, कुठं तीही नाही. त्यामुळं झाड असं जवळपास नाहीच, पाऊस पडला की पाणी खळग्याखळग्यात साचतं आणि त्या ओलीवर दोन-अडीच महिने काय फुलायचं ते फुलून घेतं. भाचा ड्रोन उडवायला गेला, वाऱ्यानं ड्रोन उडेना, तो चिडला. थोरली मात्र ओल्या कातळावर पालथी पडली होती. तिच्या नाकासमोर तांदळाच्या दाण्याएवढी जांभळी-निळी फुलं, सीतेची आसवं. भाच्यानं मोबाईलवर बघून तिला सांगितलं की हे झाड किडे खातं. तिला आधी खोटंच वाटलं. मग मीही गुडघ्यावर बसलो. वर एवढंसं नाजूक फूल आणि खाली चिखलात मुळांच्या जागी बारीक बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. का, तर या मातीत खताला काही नाहीच, नत्र मिळायचं तर ते किड्यातनंच. पोरगी म्हणाली, म्हणजे हिला जेवायला बाहेर जावं लागतं. मला वाटतं त्या दिवसातलं एवढं एकच कास्टिंग ओके निघालं.

दाजींनी इतिहास सुरू केला. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, रात्रीचा पाऊस, महाराज पालखीतनं याच पठारावरून विशाळगडाकडं निघाले. सांगतात ते भारीच. आई गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसली होती, तिथनं म्हणाली, "महाराजांना पालखी होती, मला कोण उचलायचं?" सगळे हसलो. तीही हसली. ओबडधोबड ओल्या जांभ्यावर तिच्यानं दहा पावलंसुद्धा टाकवत नव्हती, हे आम्हाला दिसत होतं आणि दिसतही नव्हतं.

साडेबाराला तिला गरगरायला लागलं. डोकं दुखतंय म्हणाली, तोंड पांढरं पडलं, भाकरीचा तुकडाही नको म्हणाली. चारपर्यंत थांबायचं ठरवून आलो होतो, एकला खाली उतरलो. खर्डा-भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, सगळी शिदोरी तशीच घरी आणली आणि रात्री ताटात वाढून खाल्ली, कुणी कुणाशी फार बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बिलं फाडायला सुरुवात झाली. दाजींचं म्हणणं उशिरा निघालो. आक्काचं म्हणणं रंकाळा काय वाईट होता. भाच्याचं म्हणणं वारा. मी आपला क्वालिटीवाला, मी निकाल दिला: कारण उशीर, उपाय लवकर निघणे. प्रकरण बंद. कारखान्यात एखाद्या पोरानं असा रिपोर्ट आणला असता तर मी तोंडावर फेकला असता.

महिनाभरानं बायको माळ्यावरची ट्रिपची पिशवी काढत होती. त्यात आईची स्टीलची बाटली निघाली, लिटरची. झाकण उघडलं तर काठोकाठ पाणी. सकाळी बायकोनंच भरून दिली होती. तिनं ती बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिथनं मी परत का-का सुरू केलं. आम्ही एकला का परतलो? आईला चक्कर आली. चक्कर का आली? सकाळी सातला अर्धा कप चहा, त्यानंतर घोटभरही पाणी नाही. का नाही? प्यायलं की जायला लागतं. मग गेली असती, त्यात काय? इथं मी अडकलो, आईलाच विचारलं. ती आधी विषय टाळत होती, मग म्हणाली, "तुमचं बरं आहे बाबा, झुडपाआड उभं राहिलं की झालं. त्या माळावर झुडूप तरी आहे का? आणि मला खाली बसता येतंय का?" डॉक्टरांनी तिला उकिडवं बसायचं नाही म्हणून ऑपरेशनच्या वेळीच सांगितलंय. घरात आम्ही त्यासाठी कमोड बसवला, फरशी फोडून, दोन दिवस धूळ खात. म्हणजे ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. उंबऱ्याबाहेर पडलं की ती मला माहीत नव्हती.

पाचवा का असा की मग ठरवताना बोलली का नाही. त्यावर ती म्हणाली, "जावयासमोर ग्रुपवर हे लिहू?"

मला वाटलं मिळालं मूळ कारण. आईचा गुडघा, कमोड नाही, पाणी नाही, चक्कर. बायकोला मोठ्या थाटात सांगायला गेलो. ती कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "मी पण नाही पीत. आक्का पण नाही पीत. लग्नाआधीपासून बाहेर निघायचं म्हटलं की आम्ही पाणी बंद करतो, तुम्हाला आज कळलं?"

मी म्हटलं, मग त्या कुलपापाशी गाडी थांबवलीस ती...

"माझ्यासाठी थांबवली होती."

आणि मग थोरलीकडं बोट केलं. तिचीही गुलाबी बाटली त्या दिवशी अर्ध्याच्या वर भरलेली परत आली होती. नऊ वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? कुणी नाही, बघून बघून शिकली. आठातल्या चौघीजणी तहान मारून फुलं बघत होत्या आणि आम्ही चौघं बाप्ये वाऱ्याला आणि घड्याळाला शिव्या देत होतो.

कारखान्यात कारण सापडलं म्हणून लगेच मोठा हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा अख्खा घाणा, ओतत नाहीत, आधी ट्रायल घेतात. तसंच केलं. ट्रायलचा नियम एकच, जागा आईनं ठरवायची आणि ग्रुपवर न ठरवता बायकांनी स्वयंपाकघरात बसून ठरवायची, मग आम्हाला सांगायचं. दाजींनी एकदा विचारलं की आपलं मत घेणार का नाही. आक्का म्हणाली, घेतलं होतं की सप्टेंबरात.

पहिली ट्रायल ऑक्टोबरात, शिवाजी विद्यापीठ. आम्ही राजारामपुरीत राहतो, गाडीनं दहा मिनिटं. १९६२ चं विद्यापीठ, ८५३ एकराचं आवार, कोल्हापुरात राहून आम्ही तिथं फक्त परीक्षेला आणि मार्कशीटला गेलेलो. सकाळी सातला पोचायचं, डांबरी सपाट रस्त्यावर आईनं तिला जमेल तेवढं चालायचं, कंटाळा आला की कट्ट्यावर बसायचं, दीड तासात घरी. घरनं जाऊन निघायचं, घरी येऊन जायचं, मधला प्रश्नच येत नाही. आई बावीस मिनिटं चालली, मी मोजली. राजाराम तलावाच्या बाजूला मोर दिसला तर बारका रडायलाच लागला, कारण मोराला पिसाराच नव्हता. पाऊस संपता संपता मोर पिसारा गाळतात आणि पुढच्या मोसमापर्यंत हळूहळू परत वाढवतात, हे त्याला समजावताना मलाही पहिल्यांदाच नीट समजलं. त्यानंतर तो प्रत्येक वेळी "आता केवढा झाला असेल" म्हणून जायला उठतो, शाळेला उठत नाही ते सोडा. भाचा एकदाच आला, परत आला नाही. त्याच्या दृष्टीनं हे आजोबा लोकांचं फिरणं. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, या वयाला आठजणांत फिरायचं नसतंच बहुतेक.

दुसरी टाऊन हॉल बाग. ही सगळ्यात सोपी निघाली आणि आम्ही चाळीस वर्षं तिच्यावरनं नुसते सीपीआर या सरकारी दवाखान्याला जात-येत होतो. मोठमोठी जुनी झाडं, सावली, बसायला जागा. आई झाडाखाली बसायची आणि पोरांना काम द्यायची, पाच वेगळी पानं आण, वास घेऊन ओळख, खारीनं कुरतडलेलं फळ आण. आमच्या आईला एवढी झाडं ओळखू येतात हे मला माहीत नव्हतं, तिचं माहेर भुदरगड तालुक्यातलं, लहानपण रानात गेलेलं. ऊन चढलं की आतल्या म्युझियममध्ये. इमारत १८७० च्या दशकातली, नवा राजवाडा ज्या इंग्रज मँटसाहेबानं आखला त्याचंच हे काम. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. थोरली विचारते, पंचगंगेच्या घाटावर समुद्राचा देव काय करत होता? दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल कोकणातल्या बंदरांवरून रोमकडं जायचा, तिकडचा इकडं यायचा, असं मी सांगितलं. मी मात्र फाउंड्रीवाला म्हणून पुतळ्याची ओतीव किती स्वच्छ निघालीय तेच बघत राहिलो. एक ब्लोहोल दिसलं नाही.

रंकाळाही झाला, आक्काच्या मानासाठी. संध्याकाळी गेलो ही चूक, चौपाटीवर गर्दी, बारका गर्दीत दोनदा हरवला. जमलं नाही. सकाळी परत जाऊ म्हणतो, अजून गेलो नाही.

तिसरी खरी ट्रायल जानेवारीत, पन्हाळा. इथं पहिल्यांदा आम्ही कागदावर लिहून काम केलं. आधी मी आणि दाजी दोघंच एका शनिवारी मोटारसायकलवर जाऊन आलो आणि आम्ही बघितलं काय, तर संडास. तीन दरवाजा नाही, सज्जा कोठी नाही, अंधारबाव नाही, तीन हॉटेलांत चहा पिऊन मागच्या बाजूला जाऊन कमोड आहे का, कडी लागते का, पाणी येतं का, हँडल धरून उठता येईल असं काही आहे का ते बघितलं. दाजी पोलीस पंचनामा केल्यागत फोटो काढत होते, एका वेटरनं विचारलं, साहेब नगरपालिकेतनं आला काय? एक जागा पास झाली. रविवारी पोचल्या पोचल्या आठहीजणांचा नाष्टा तिथंच, म्हणजे हक्कानं जाता येतं, तोंड चोरायला नको. मग तबक उद्यान. गर्द झाडी, जानेवारीचं कोवळं ऊन पानांतनं खाली, आई आणि आक्का सतरंजीवर. मी पोरांना घेऊन तीन दरवाजाकडं, बायको एकटीच पुसाटी बुरजाकडं गेली. एकटी! म्हणाली पंधरा वर्षांत ट्रिपला पहिल्यांदा मला कुणाच्या मागं-पुढं बघायला लागलं नाही. सगळ्यांनी सगळं मिळून बघायचं हा हट्ट कुणी घातला होता कोण जाणे. दोन तासांनी एकत्र जेवलो, त्यात माकडानं दाजींच्या हातातली केळी नेली. आईची बाटली पाऊण रिकामी. मी उचलून बघितली, आईनं मला बघताना बघितलं, मी परत ठेवली.

इथं हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये आईच म्हणाली, "ती किडे खाणारी फुलं मी बघितलीच नाहीत. गाडीत बसून होते." म्हणजे परत मसाई.

यावेळी दाजींनी ऑनलाईन घडीची कमोड खुर्ची मागवली, बाराशेची, आणि कपडे बदलायला वापरतात तो उभा तंबू. माझ्या वाट्याला आला भुसा. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथं, लाकडाचा भुसा पोत्यानं पडलेला असतो, तो जाड पिशवीत भरून खुर्चीखाली लावायचा, ओल आणि वास दोन्ही धरून ठेवतो, मग पिशवीला गाठ मारून गाडीच्या डिकीत, घरापर्यंत. पठारावर काही पुरायचं नाही हे मी सगळ्यांना बजावलं, चार बोटं मातीत पुरणार तरी काय, पहिल्या पावसाला वर येऊन त्याच फुलांच्या खळग्यात जाणार. आईसाठी चालायला काठी, आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. दर पंचवीस पावलांवर खुर्ची पुढं न्यायची ड्युटी भाच्याची, तो आला, ड्रोन घरी ठेवून आला.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून रविवारची गर्दी वाढलीय, म्हणून सहालाच निघालो. निघाल्या निघाल्या उशीर न झाल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, सवय जात नाही. पठारावर तंबू उभा करायला दाजी आणि मी वाऱ्याशी वीस मिनिटं झटलो, शेवटी दोन गाड्यांच्या मधे लावला आणि दोऱ्या चाकांना बांधल्या. सगळ्यात आधी आक्का गेली आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलली, "राजेशाही." जावयासमोर.

खळग्यापर्यंत आई सहा खुर्च्यांत पोचली. थोरली आता दहाची, तिनं आजीला वाकवत न बसता मोबाईलनं फुलाचा मोठा फोटो काढून हातात दिला, आईनं चष्मा वर करून बघितला, खाली त्या जांभळ्या ठिपक्यांकडं बघितलं, परत फोटोकडं. "एवढंस्सं," म्हणाली. मग बाटली तोंडाला लावली, घटाघटा निम्मी संपवली, पोरीच्या हातात दिली. पोरीनं उरलेली संपवली.

"जा, भरून आण," आई म्हणाली.